हाराचा फोटो

आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. सेलूला आमचं मिरची कांडपाचं यंत्र होतं, घराच्या पुढच्याच खोलीत. उन्हाळा लागला की गल्लीच्या तोंडापासून बायकांची रांग लागायची, कुणाच्या डोक्यावर डबा, कुणाच्या कडेवर पिशवी. लोखंडी मुसळं दिवसभर खालीवर व्हायची आणि भिंतीवरचं कॅलेंडर त्या धपधपीनं हलत राहायचं. मोटार बंद झाल्यावरसुद्धा आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो, सवयच तशी. भाकरीला तिखटाचा वास, दुधाला वास, अंथरुणाला वास. सासरी आल्यावर पहिले काही दिवस मला चहा अळणी लागायचा, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. घरात न शिंकणारी एकच, माझी माय. ती पदर नाकातोंडावरून घेऊन मागं गच्च बांधायची, वर फक्त कपाळ आणि अर्धेमुर्धे डोळे, आणि तशी ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत यंत्रासमोर बसून असायची. दादा, म्हणजे माझे वडील, पोती उचलायचे, पट्टा बसवायचे, चाळायचे. ते दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील तर त्यातली आठ मोटारीशी असायची.

कॅमेरा मला मामानं दिला. तो लग्नाचं शूटिंग करायचा. ते सोडून त्यानं दुसरा धंदा धरला, तेव्हा जुना डिजिटल कॅमेरा माझ्या हातात ठेवून म्हणाला, तुला शौक हाय तर घे. शौक होता. मी कॉलेजात होते, दिसायला बरी नव्हते, बोलायला त्याहून वाईट, आणि कॅमेरा डोळ्याला लावला की कुणी माझ्याकडे बघत नाही, बघतं ते कॅमेऱ्याकडे, हा शोध मला लागला होता. परभणीत हौशी फोटोग्राफर लोकांचा एक गट दर रविवारी दुपारी जमतो, हे मामाकडूनच कळलं. तरण्या पोरीनं दर रविवारी एकटीनं रेल्वेनं परभणीला जायचं, तेही सात-आठ पुरुषांत बसायला, यावर आमच्या थोरल्या काकांनी घर डोक्यावर घेतलं. मायनं त्यांना चहा दिला आणि एवढंच सांगितलं की पोरगी जाईल. रविवारी सकाळी ती मुरमुऱ्यांचा सुशीला करायची, अर्धा मला खाऊ घालायची आणि अर्धा डब्यात भरून द्यायची, त्या फोटोवाल्यांना बी दे म्हणायची. माझ्या त्या सगळ्या शौकाला घरातून पाठबळ होतं ते एका बाईचं, आणि तिनं त्याबद्दल माझ्याकडे काय मागितलं, ते सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे.

गट जमायचा तो सलीमभाईंच्या स्टुडिओच्या माडीवर. खाली त्यांचा धंदा चालायचा: पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, आणि माणूस गेला की मोठा करून चौकटीत घालून द्यायचा फोटो. वर आमची कला. आमचे पुढारी ढवळे सर, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, उंच, वाळलेले, खिशात कायम एक भिंग. पद्धत त्यांनीच घालून दिलेली. प्रत्येकानं आपला एक फोटो प्रिंट काढून आणायचा आणि नाव न सांगता टेबलावर पालथा ठेवायचा. मग एकेक उलटायचा आणि बसलेल्या प्रत्येकानं त्यातली खोट सांगायची. कौतुक करायला बंदी. ज्याचा फोटो असेल त्यानं तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं झालं की त्यानं ‘बरं’ म्हणायचं, एवढाच एक शब्द. ज्या फोटोत कुणालाच खोट सापडणार नाही तो भिंतीवरच्या लाकडी पाटीवर महिनाभर टाचून ठेवायचा. मी गेले तेव्हा पाटी रिकामी होती, आणि ती बहुतेक वेळा रिकामीच असायची. मी पहिले सात-आठ महिने नुसतं बरं म्हणत होते. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून रडायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा जायचे. आज कुणी मला विचारलं की तू तिथं का जात होतीस, तर उत्तर सोपं आहे: त्या पाटीसाठी.

खोट अनेक तऱ्हेची असायची. उजेड सपाट, क्षितिज तिरकं, कोपऱ्यात नको ते शिरलंय. पण या सगळ्यांत वाईट खोट एकच होती. माणूस मधोमध उभा, तोंड समोर, डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत, मागं भिंत. असा फोटो निघाला की ढवळे सर भिंग खिशात टाकायचे आणि म्हणायचे, ‘हा हाराचा.’ म्हणजे याला आता नुसता हार घालायचा, बाकी याचा काही उपयोग नाही. सगळे हसायचे. सलीमभाईही हसायचे, ज्यांचं घर खाली हाराच्याच फोटोंवर चालत होतं. सरांचं म्हणणं असं की हाराचा फोटो कॅमेऱ्यात चुकूनसुद्धा ठेवायचा नाही, निघाला की जागच्या जागी पुसायचा, नाहीतर डोळ्याला त्याची सवय लागते. हे मी इतकं मनावर घेतलं की पुढं मला माणसाचं समोरून तोंड दिसलं की अंगठा आपोआप त्या कचऱ्याच्या डब्याच्या खुणेवर जायचा. नातेवाइकांची पोरंसोरं, कुणाची सुपारी, कुणाचं बारसं, सगळी समोरची तोंडं मी पुसली. कुणी फोटो मागायला आलं तर आमच्या घरात पाठमोऱ्या माणसांचे आणि पायांचे फोटो मिळायचे. थोरले काका विचारायचे, ही पोरगी माणसाच्या तोंडावर का उठलीय.

माझं सगळ्यात स्वस्त आणि हाताशी असलेलं माणूस म्हणजे माय, तेव्हा मी सर्वांत जास्त तिचेच फोटो काढले. मिरचीनं लाल झालेली तिची बोटं. उडत्या भुकटीत नुसता आकार. दारातून येणाऱ्या उन्हात तिची काळी कड. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो तेव्हा पायऱ्या चढणारी तिची पाठ. पदरानं बांधलेलं तोंड तर किती वेळा. ती कधी कामात व्यत्यय आला म्हणून कुरकुरली नाही. फक्त अधूनमधून म्हणायची, ‘संगे, माझा एक सरळ काढ की.’ तिच्या लग्नाच्या फोटोत मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं होतं आणि मान खाली. त्यानंतरच्या कुठल्याही घरच्या फोटोत ती वाढताना वाकलेली नाहीतर कुणाच्या तरी मागं. तिला स्वतःची एक तसबीर हवी होती, समोर बघणारी, पोपटी साडीतली. एवढंच. मी म्हणायचे, काढू गं. हे ‘काढू गं’ वर्षभर चाललं असेल.

एका दुपारी वीज गेली. यंत्र थांबलं, रांगेतल्या बायका डबे ठेवून घरी गेल्या, दादा पोत्यांवर आडवे झाले. माय उठली, मोरीत जाऊन तोंड धुतलं, केस विंचरले, आणि पेटीतून ती पोपटी साडी काढून नेसून आली. नाकात फुली, कपाळावर ताजं कुंकू. बायकांना बसायला ठेवलेला स्टूल तिनं स्वतःच उचलून आतल्या खोलीत चुन्याच्या भिंतीला लावला आणि वर बसली, हात मांडीवर. म्हणाली, आता कुठं काम हाय तुला, काढ. मला ती भिंत बघूनच कसंसं झालं. तरी उजेड किती आहे ते बघावं म्हणून मी एक बटण दाबलं. तिनं लगेच हात पुढं केला, दाव. मी मागचा पडदा तिच्याकडे वळवला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, थोडा लांब, थोडा जवळ, आणि तिचं तोंड असं खुललं की मला आश्चर्य वाटलं, कारण त्या फोटोत काहीही नव्हतं. एक बाई समोर बघत होती, थोडी हसत होती, झालं.

‘हाच ठेव,’ ती म्हणाली. ‘लय चांगला आलाय.’

मी कॅमेरा परत घेतला. ‘माय, हा हाराचा आहे गं,’ म्हटलं, आणि तिच्यादेखत पुसून टाकला.

हाराचा म्हणजे काय हे तिला मी पूर्वी कधीतरी हसत हसत सांगितलेलं होतं. ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘अगं, मला हाराचाच पायजे होता.’ तिच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाईक चुकून दुसऱ्याचा डबा घेऊन जायला लागलं तर ती ज्या आवाजात सांगायची, त्या आवाजात तिनं ते सांगितलं. मी म्हणाले, असलं अभद्र बोलू नको, आणि तुझा असा फोटो काढते की परभणीचे लोक बघत राहतील. पुन्हा एक तसा काढून द्यायला मला किती वेळ लागला असता? श्वास घेण्याइतका. ती तिथंच बसलेली होती, साडी नेसलेली, उजेड होता. मी काढला नाही. मला त्या फोटोची लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर तो आवडणाऱ्या माझ्या आईचीही त्या क्षणी थोडी वाटली. हे इतकी वर्षं मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी स्टूल खिडकीशी नेला, खिडकीचं एक दार लावून घेतलं, तिला सांगितलं इकडं बघू नको, खाली बघ, अजून खाली, हात असे धर. ती अवघडून गेली. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबासमोर पोरं बसतात तशी बसली. अर्ध्या तोंडावर उजेड, अर्धं अंधारात, डोळा झुकलेला, गालाच्या हाडावर एक बारीक रेघ. वीज आली तेव्हा तिनं साडी बदलली, पदर तोंडाला बांधला आणि जाऊन बसली. मुसळं सुरू झाली.

तो फोटो मी टेबलावर पालथा ठेवला त्या रविवारी माडीवर तो हातोहात फिरला आणि खोट कुणालाच सापडली नाही. ढवळे सरांनी भिंग लावून बघितलं, प्रिंट लांब धरून बघितलं. मग म्हणाले, एकच सांगतो, ही खोट नाही, अंधाराच्या बाजूला अजून थोडं दिसतंय, ते काळं करून टाक, पार काळं. सलीमभाईंच्या कॉम्प्युटरवर बसून मी ते तिथल्या तिथं केलं. डावा गाल गेला, डावा डोळा गेला, कानातलं गेलं. तीच फाइल मी काळी करून ठेवून दिली, जुनी वेगळी राखायचं सुचलंसुद्धा नाही. नवा प्रिंट निघाला आणि सर स्वतः टाचणी घेऊन उठले. माझा फोटो पाटीवर लागला. त्या दिवशी गाडीत मी रडले नाही. मी हसत होते, एकटीच, आणि समोर बसलेली बाई माझ्याकडे संशयानं बघत होती.

महिन्यानं तो चौकटीत घालून घरी आणला. मायनं हात पुसले, चौकट दाराशी नेली. बराच वेळ बघून विचारलं, ही मीच हाय व्हय. मी सांगितलं, परभणीत सगळ्यांना आवडलाय, यात खोट निघाली नाही. ती म्हणाली, ‘एकच डोळा हाय. तो बी मिटल्यावानी.’ मग माझं तोंड उतरलेलं बघून घाईनं म्हणाली, लोकांना आवडला न्हवं, मग झालं की. कॅलेंडरशेजारी खिळा ठोकून तिनं तो लावला. रांगेतल्या बायका विचारायच्या हे कुणाचं गं चित्र, तर माय सांगायची की पोरीच्या बक्षिसाचं आहे. स्वतःचं आहे असं ती एकदाही म्हणाली नाही. आणि त्यानंतर तिनं माझ्याकडे सरळ फोटो पुन्हा कधी मागितला नाही. माझ्या ते ध्यानातही आलं नाही, मी पुढच्या महिन्याच्या पाटीच्या मागं होते.

दुसऱ्या वर्षी ऐन मिरचीच्या दिवसांत, सकाळी दहाच्या सुमाराला, छातीत जळजळतंय म्हणून ती यंत्रापासून उठली. आमच्या घरात जळजळण्याचं कुणाला काय वाटणार. ती भिंतीला टेकून बसली, पाणी मागितलं, दादा पाणी घेऊन आले तोवर सगळं संपलेलं होतं. मोटार बंद करायचं कुणाला सुचलं नाही, ते पार डॉक्टर येऊन गेल्यावर.

घर माणसांनी भरलं. सगळं उरकून आल्यावर दिवा कुठं लावायचा यावरून थोरले काका म्हणाले, तिचा फोटो काढा एखादा. आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली, कारण घरात फोटोवाली मी. मी कॉम्प्युटर लावला. काका, दोन आत्या, मामा, गल्लीतल्या बायका माझ्या खुर्चीमागं उभ्या राहिल्या. मी एकेक उघडत गेले. हात. पाठ. दारातली काळी आकृती. पदर बांधलेलं कपाळ. पुन्हा हात. पोखर्णीच्या पायऱ्या. पाय. पुन्हा पदर. हजारावर फोटो असतील. पहिल्यांदा मागून हुंदके येत होते, हळूहळू ते थांबले. मग धाकटी आत्या अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘तोंड कुठंय गं हिचं?’

मी पुढचा उघडला. तोही हाताचाच होता. मामानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पडदा बंद केला.

शेवटी तिच्या सरकारी ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो घेऊन मी सलीमभाईंकडे गेले. तो काढायला ती कामातून उठून तशीच गेली होती, डोळे सुजलेले, दचकलेली, केसांवर लाल भुकटी. सलीमभाईंनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि दुपारभर त्यावर काम केलं. आधी मी माझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड त्यांना दिलं होतं, पुसलेलं परत आणता येतं असं ऐकून. त्यातून कावळे निघाले, बैलाची शिंगं निघाली, कुणाचा तरी उंबरा निघाला. ती दुपार निघाली नाही, तिच्यावर मी पुढं किती वेळा कार्ड भरलं होतं. ओळखपत्रावरचा फोटो मोठा होत गेला तशी माय विरत गेली. ‘एवढंच निघायलंय, बेटा,’ सलीमभाई म्हणाले. चौकटीत घालताना त्यांनी काच दोनदा पुसली.

पाचव्या दिवशी गट भेटायला आला. ढवळे सर सतरंजीवर फोटोच्या समोरच बसले. मधोमध, तोंड समोर, मागं पांढरं, त्यावर झेंडूचा हार. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटत होतं त्यांनी बोलावं, सगळ्यांनी ओळीनं खोट सांगावी आणि मी शेवटी बरं म्हणावं. त्यांनी फोटोला हात जोडले. निघताना त्यांची नजर कॅलेंडरशेजारच्या चौकटीवर गेली आणि ते मला बाजूला घेऊन म्हणाले, हा लावायचा होतास, हा जास्त खरा आहे. काकांनी ते ऐकलं. म्हणाले, मास्तर, ह्याच्यात बाई कुठंय, हार कुणाला घालावा. मला सरांचा राग आला नाही. एका वर्षापूर्वी मीही हेच म्हणाले असते. मी पुन्हा माडीवर गेले नाही. कॅमेरा मामाला परत दिला, त्यानं तो कुणाला दिला ते मी विचारलं नाही.

तेरावा झाला, माणसं पांगली. यंत्र बंदच होतं. घरात इतकं ऐकू यायला लागलं होतं की भीती वाटायची. दादा त्या हाराच्या फोटोसमोर बसायचे नाहीत. दिवा मी लावायचे, ते दुसऱ्या खोलीत जायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, ‘ही ती न्हाई.’ एवढंच. मग एका सकाळी मी स्वयंपाकघरात असताना त्यांनी खिळ्यावरून ती दुसरी चौकट काढली. बाहेर आले तर ते ती घेऊन अंगणात निघाले होते. मी विचारलं, कुठं नेताय.

‘घरात अंधार हाय,’ दादा म्हणाले. ‘उन्हात दिसंल.’

अंगणात मधोमध, जिथं रांगेतल्या बायका डबे ठेवायच्या, तिथं ते उभे राहिले. चौकट उन्हात धरली. काच चमकली तशी थोडी तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूनं तिरकी केली, मग तोंडाजवळ नेऊन काळ्या बाजूत डोळे बारीक करून बघायला लागले. मी दारात उभी होते. त्या बाजूला काही नाही, दादा, मीच काढून टाकलंय, हे मला सांगायचं होतं आणि मी सांगितलं नाही. त्यांनी काच धोतराच्या सोग्यानं पुसली. पुन्हा उन्हात धरली.